मोजला जाणारा विषय : प्रवेशाच्या अटी आणि शाळेचे वेळापत्रक

शाळेत कोणते विषय शिकवायचे हे कोण ठरवते, असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : शासन, परीक्षा मंडळ, बालभारती. कागदोपत्री ते बरोबरही आहे. पण अक्कलकोट तालुक्यात पंचवीसहून अधिक वर्षे अकरावी-बारावीला मराठी शिकवल्यानंतर माझा या उत्तरावर विश्वास उरलेला नाही. अभ्यासक्रम मंडळ लिहिते, वेळापत्रक दुसरीकडे लिहिले जाते. ते लिहिले जाते शाळा संपल्यानंतरच्या दारावर, म्हणजे विद्यापीठाच्या किंवा व्यावसायिक महाविद्यालयाच्या प्रवेश-पुस्तिकेत. या पुस्तिका कोणी वाङ्मय म्हणून वाचत नाही. पालक त्या धास्तीने वाचतात, कारकून सवयीने. मी गेली काही वर्षे त्या समीक्षकाच्या नजरेने वाचतो आहे. गेल्या दीडशे वर्षांत मराठी मुलखातल्या मुलांनी काय वाचले आणि काय वाचायचे टाळले, याचा माग आपल्या वाङ्मयेतिहासांपेक्षा या रूक्ष पुस्तिकांत अधिक नीट लागतो, असे माझे मत झाले आहे.

अक्कलकोट हे यासाठी सोयीचे ठिकाण आहे. गाव हलले नाही, पण त्याच्यावरची विद्यापीठे बदलत गेली. संस्थानी काळात इथल्या मुलाला मॅट्रिक व्हायचे तर मुंबई विद्यापीठाकडे पाहावे लागे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघाले आणि सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत गेला. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, तेव्हा जिल्हा तिकडे. २००४ पासून सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ आहे. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव मिळाले. म्हणजे विद्यापीठ मुंबईहून सरकत सरकत चाळीसेक किलोमीटरवर आले. एवढे जवळ आल्यावर त्याचा शाळांवरचा ताबा वाढायला हवा होता. झाले उलटेच. आज आमच्या बारावीच्या विज्ञानाच्या वर्गावर सोलापूरच्या विद्यापीठाचा जवळजवळ काहीच अंमल नाही. अंमल आहे तो दिल्लीहून आणि मुंबईहून निघणाऱ्या प्रवेश परीक्षांचा. आणि, ज्याबद्दल मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही, तो थोडासा बंगळुरूचाही. त्याकडे शेवटी येतो.

सुरुवात १८५७ पासून करावी लागते. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही विद्यापीठे निघाली. ही विद्यापीठे शिकवणारी नव्हती, परीक्षा घेणारी होती, हे अनेकदा सांगितले जाते. त्यातून निघणारी गोष्ट मात्र सांगितली जात नाही. जे विद्यापीठ स्वतः शिकवत नाही त्याच्या हाती इतरांना शिकवायला लावण्याचे एकच साधन असते : परीक्षेचे विषय. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. या पहिल्या काही वर्षांत देशी भाषांना विद्यापीठाच्या परीक्षांत जागा होती. ती १८६० च्या दशकातच गेली. मॅट्रिकच्या वर मराठी उरली नाही. तिच्या जागी संस्कृत, लॅटिन, फारसी, अरबी अशा अभिजात भाषा आल्या. या धोरणामागे अलेक्झांडर ग्रँट यांचा विचार होता. ते ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे संपादक, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य, पुढे शिक्षण संचालक आणि विद्यापीठाचे कुलगुरूही. ऑक्सफर्डमध्ये ग्रीक-लॅटिनने मन घडते, तसे इथे संस्कृतने घडेल, ही त्यांची श्रद्धा प्रामाणिक होती. मराठीत शिकवण्याजोगे वाङ्मयच नाही, हा त्या काळी वारंवार केला जाणारा युक्तिवाद मात्र मला आजही चिडवतो, कारण तो आजही केला जातो. फक्त आता 'वाङ्मय' या शब्दाच्या जागी 'संधी' म्हणतात.

या एका बदलाने शाळेत काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. मॅट्रिकला मराठी घ्यायला मनाई नव्हती. पण पुढे कॉलेजात संस्कृतच लागणार असेल तर शाळेत मराठी कोण घेईल? हायस्कुलांत संस्कृतचे वर्ग उभे राहिले, आणि वर्ग उभे राहिले की पुस्तके लागतात. भांडारकरांची संस्कृतची दोन प्रसिद्ध शालेय पुस्तके त्याच दशकातली, ते हायस्कुलात मुख्याध्यापक असतानाची. पुढे १८८० मध्ये चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. सरकारी शिक्षणाला पर्याय म्हणून काढलेल्या त्या राष्ट्रीय शाळेनेही आपले यश मॅट्रिकच्या निकालात आणि संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीत मोजले. वामन शिवराम आपट्यांचे संस्कृत रचनेचे मार्गदर्शक पुस्तक याच वातावरणातले. ही पुस्तके थोर आहेत, ती लिहिणारे विद्वानही थोर. तरी त्यांची मागणी निर्माण झाली ती विद्यापीठाच्या एका नियमामुळे, हे विसरून आपण त्या काळाला 'संस्कृत विद्येचे पुनरुज्जीवन' म्हणतो. पुनरुज्जीवन झाले, पण ते आधी नियमावलीत झाले.

मॅट्रिकचा हा पगडा तेव्हाच ओळखणारे एक निवेदन आपल्याकडे आहे. १९ ऑक्टोबर १८८२ या तारखेचे, हंटर आयोगापुढे सादर केलेले, जोतीराव फुले यांचे. त्यातला प्राथमिक शिक्षणाचा भाग सर्वांना माहीत असतो. हायस्कुलांविषयीचा परिच्छेद फारसा कोणी वाचत नाही. सरकारी हायस्कुलांतले शिक्षण व्यवहाराच्या उपयोगाचे नाही, ते कारकून आणि मास्तर तयार करण्यापुरते आहे, आणि मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक-विद्यार्थ्यांचे लक्ष गरजेपेक्षा जास्त वेढून टाकले आहे, असे फुले तिथे सांगतात. मुलाला पुढे स्वतंत्रपणे जगायला उपयोगी पडेल असे त्या अभ्यासक्रमात काही नाही, ही त्यांची तक्रार. मॅट्रिकच्या दाराशी पोहोचणारी मुले किती आणि त्या दाराखातर अभ्यास बदललेली मुले किती, हा हिशेब त्यांच्या मनात होता, असे मी ते वाचतो. दारातून आत जाणारे थोडे. दारासाठी रांगेत उभे राहून आपला अभ्यास बदलून घेणारे सगळे.

हंटर आयोगाने उपाय सुचवला तो आज ऐकायलाही नवा वाटेल. हायस्कुलाच्या वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्यात : एक विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेकडे नेणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे आणि इतर व्यावहारिक कामांकडे. मुंबई इलाख्यात स्कूल फायनल नावाची परीक्षा आली ती याच विचारातून. मॅट्रिकइतके मोल तिला समाजात कधी आले नाही. कारण साधे आहे. पहिली वाट दोन्ही ठिकाणी नेत होती, कॉलेजातही आणि कचेरीतही. दुसरी एकाच ठिकाणी. शहाणा पालक कोणती निवडेल? दीडशे वर्षे आपण पालकांच्या 'मानसिकते'वर लेख लिहितो आहोत. पालकांची मानसिकता ठणठणीत आहे. ते नियम वाचतात आणि त्याप्रमाणे वागतात.

रानड्यांनी विद्यापीठात मराठीला परत आणण्यासाठी किती वर्षे खटपट केली, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरचे त्यांचे १८९८ चे टिपण या खटपटीचाच भाग होते. मराठीत ग्रंथ आहेत, ते अमुक इतके आहेत, असे मोजून दाखवणारे. एखाद्या भाषेच्या बाजूने ग्रंथसंख्या मांडावी लागावी यातच त्या काळाची कोंडी दिसते. एम.ए.ला मराठी येण्याची वाट मोकळी झाली ती त्यांच्या शेवटच्या दिवसांत. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. मराठी वरून आत आली, एम.ए.कडून खाली. शाळेपर्यंत पोहोचायला तिला आणखी बराच काळ लागला.

प्रवेशाची अट विषय घडवते तशी मोडतेही, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण आपल्याकडचे नाही. केंब्रिजने १९१९ मध्ये आणि ऑक्सफर्डने १९२० मध्ये सक्तीचे ग्रीक सोडले. १९६० मध्ये दोघांनी लॅटिनची प्रवेश-अट काढली. तोवर इंग्लंडातल्या ग्रामर स्कुलांत लॅटिन हा मोठा विषय होता. तो का शिकावा यावर शेकडो पाने लिहिली गेली होती : तर्कशक्ती, शिस्त, संस्कृती. अट गेली आणि पुढच्या काही दशकांत लॅटिन बहुतेक सरकारी शाळांतून ओसरले. तर्कशक्तीची गरज १९६० मध्ये संपली नव्हती. विषयाच्या बाजूने दिलेली सगळी कारणे जिथल्या तिथेच होती. त्यांच्याखालचा टेकू काढला गेला. ज्या विषयावर आपले प्रेम आहे त्याच्या थोरवीवर भाषणे देणाऱ्या आम्हा मराठीच्या शिक्षकांनी हे उदाहरण भिंतीवर लावावे.

आता आपल्याकडचा पुढचा टप्पा. स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाच्या हातून काढली गेली. १९४८ च्या कायद्याने एसएससी परीक्षा मंडळ झाले, १९४९ मध्ये पहिली एसएससी. शाळेचा शेवट शाळेने ठरवावा, कॉलेजाने नव्हे, असा त्यामागचा विचार. पुढे १९६६ मध्ये राज्य मंडळ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी कोठारी आयोगाचा अहवाल आला. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाचे. ग्रामीण मुलाला शिक्षण कुठे टोचते हे त्यांना ठाऊक होते. उच्च माध्यमिकच्या निम्म्या मुलांनी व्यावसायिक शिक्षणाकडे वळावे, असे लक्ष्य आयोगाने १९८६ पर्यंतसाठी ठेवले. १९७५ पासून दहा अधिक दोन अधिक तीनची रचना आपल्याकडे आली आणि कनिष्ठ महाविद्यालये निघाली. त्यांत पुढे 'द्विलक्ष्यी' अभ्यासक्रम आले : इलेक्ट्रॉनिक्स, संगणकशास्त्र, पीकशास्त्र आणि असे कितीतरी, प्रत्येकी दोनशे गुणांचे. म्हणजे हंटर आयोगाची दुसरी वाट, शंभर वर्षांनी.

द्विलक्ष्यी शब्द सुंदर आहे, दोन लक्ष्ये असलेला. एक लक्ष्य हाताचे काम, दुसरे उच्च शिक्षण. प्रत्यक्षात एकच उरले. इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र यांत प्रात्यक्षिकाचे गुण भरघोस, आणि अभियांत्रिकीच्या पात्रतेत भौतिकशास्त्र व गणिताच्या जोडीला तांत्रिक व्यावसायिक विषय चालतो. मग तो विषय रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मुलासाठी न राहता अभियंता होऊ पाहणाऱ्या मुलासाठी झाला. शिवाय त्याने एक जागा मोकळी करायला लावली. द्विलक्ष्यी विषय घेतला की दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सुटतो. व्यावसायिक शिक्षण वाढवण्यासाठी आखलेल्या योजनेतून तालुक्याच्या गावी सर्वांत आधी सुटले ते बारावी विज्ञानातले मराठी. तशी कोणाचीच इच्छा नव्हती. आराखडा करणाऱ्यांत मराठीप्रेमी लोक होते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

पीकशास्त्राची गोष्ट जरा वेगळी आहे आणि ती नोंदवायला हवी. कृषी पदवीच्या प्रवेशात अशा विषयाला अधिभार गुण मिळत आले आहेत, शेतजमीन असलेल्या घरातल्या मुलांनाही. तुरीच्या आणि उसाच्या या तालुक्यात हा विषय त्यामुळे तगला, आणि बरा शिकवला गेला. चित्रकलेचेही तसेच. इंटरमिजिएट परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागले आणि ज्या शाळांनी कलाशिक्षकाचा तास कधीच गणिताला देऊन टाकला होता, तिथे चित्रकलेच्या परीक्षेचे फॉर्म भरले जाऊ लागले. काहींना हे उथळ वाटते. मला वाटत नाही. गुणांसाठी हातात ब्रश धरलेल्या मुलांपैकी एखाददुसरा तो नंतरही धरून ठेवतो. तास नसलेल्या शाळेत तो धरायलाच मिळत नाही. दहावीतल्या संस्कृतबद्दलही, मग ते पूर्ण असो वा संयुक्त, मी हेच म्हणेन, जरी ते निवडणाऱ्या बहुतेकांचे प्रेम टक्केवारीवर असते.

खरी उलथापालथ झाली ती १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून, सामायिक प्रवेश परीक्षा आल्यावर. इथे एक भेद स्पष्ट करायला हवा. आपल्या चर्चेत तो हरवतो. प्रवेशाच्या अटी तीन जातींच्या असतात. पहिली, विषय घेतलेला असावा. दुसरी, त्यात उत्तीर्ण व्हावे किंवा ठरावीक टक्के मिळवावेत. तिसरी, त्याचे गुण क्रम लावताना मोजले जावेत. मॅट्रिकचे जग पहिल्या दोन जातींचे होते. क्रमाचा प्रश्न शिष्यवृत्तीपुरता. आजचे जग तिसऱ्या जातीचे आहे. नीटसाठी बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या गटाला पन्नास टक्के लागतात, इंग्रजीत उत्तीर्ण व्हावे लागते. क्रम मात्र फक्त नीटच्या गुणांवर. एमएचटी-सीईटीचेही तेच. बारावीचे गुण हा उंबरठा आहे, शिडी नव्हे. शाळा आणि मुले फक्त शिडी शिकतात. म्हणून बारावी विज्ञानात इंग्रजीचा पेपर सक्तीचा असूनही इंग्रजी शिकवले जात नाही. त्याची फेब्रुवारीत तयारी होते. मराठीची तर फेब्रुवारीतही होत नाही.

बारावीचे गुण पुन्हा मोजण्याचा प्रयोग झाला होता. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या क्रमवारीत मंडळाच्या गुणांना चाळीस टक्के वजन होते. महाराष्ट्राने २०१४ आणि २०१५ मध्ये अभियांत्रिकीचे प्रवेश निम्मे बारावीवर, निम्मे जेईईवर केले. त्या वर्षांत माझ्या ओळखीचे भौतिकशास्त्राचे शिक्षक सांगत, मुले प्रयोगवहीकडे पुन्हा पाहू लागली आहेत. २०१६ मध्ये राज्य सीईटीकडे परतले. २०१८ मध्ये शासनाने काही विभागांतल्या कनिष्ठ महाविद्यालयांना विज्ञान शाखेच्या मुलांची बायोमेट्रिक हजेरी घ्यायला सांगितले, कारण शिकवणी वर्गांशी 'टाय-अप' केलेल्या महाविद्यालयांत मुले येतच नव्हती. ज्या वर्गात घडणारे काहीही मोजले जात नाही, तिथे अंगठा मोजायचा. यापेक्षा बोलके रूपक मला सुचले नसते. दोष सगळा शिकवणीवाल्यांना दिला जातो. लातूरला किंवा सोलापूरला खोली घेऊन राहणारी आमच्या तालुक्यातली मुले शिकवणीवाल्यांनी पळवलेली नाहीत. ती प्रवेशाच्या पुस्तिकेने पाठवलेली आहेत.

सगळेच मोजा, म्हणजे प्रश्न सुटेल, असेही नाही. तमिळनाडूने २००७ पासून प्रवेश परीक्षा रद्द करून बारावीच्या गुणांवर प्रवेश दिले. मग तिथल्या अनेक शाळांनी अकरावी शिकवणेच सोडले आणि दोन्ही वर्षे बारावीचेच पुस्तक घोटून घेतले. अखेर २०१७-१८ पासून अकरावीलाही सार्वजनिक परीक्षा लावावी लागली. काय मोजायचे हे ठरवणाऱ्याने, न मोजलेले काय होईल याचाही विचार करायचा असतो. आणि विद्यापीठाने काही मागूच नये, असेही माझे म्हणणे नाही. २०२१ मध्ये अभियांत्रिकीच्या केंद्रीय परिषदेने काही शाखांसाठी गणित व भौतिकशास्त्र यांची बारावीची सक्ती सैल करायचे ठरवले तेव्हा केवढा गदारोळ झाला. तो योग्यच होता. मागणी काढली की विषय जातो, हे गणिताच्या बाबतीत सर्वांना क्षणात कळले. भाषेच्या बाबतीत ते कळायला आपल्याला इतका वेळ का लागतो?

बारावी विज्ञानात दुसऱ्या भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घेता येते. या एका 'ऐवजी'ने कितीतरी कनिष्ठ महाविद्यालयांत मराठी, हिंदी आणि कन्नडच्या शिक्षकांचा कार्यभार घटला, पदे अतिरिक्त ठरली. मी ज्या ठिकाणी शिकवले तिथे विज्ञानाच्या तुकडीला मराठीचा पूर्ण वर्ग असे. नंतर तो अर्धा झाला, मग कला शाखेत मिसळला गेला. मुलांवर माझा राग नाही. माहिती तंत्रज्ञानात गुण जास्त पडतात आणि कोणतेच गुण शिडीवर चढत नाहीत, तेव्हा कमी श्रमाचा विषय घेणे शहाणपणाचेच. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली ती दहावीपर्यंत. कायदा थांबतो तिथेच खरा प्रश्न सुरू होतो.

आता बंगळुरू. अक्कलकोट तालुक्यात नागणसूर, तोळणूर, करजगी, दुधनी या बाजूला घरची भाषा कन्नड. बाजाराची मराठी, कन्नड, उर्दू अशी सरमिसळ. बालभारती कन्नडमध्येही पाठ्यपुस्तके काढते आणि तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. महाराष्ट्रातल्या कोणत्याही विद्यापीठाला, कोणत्याही व्यावसायिक प्रवेशासाठी, उमेदवाराला कन्नड यावे अशी गरज नाही. वरच्या सगळ्या विवेचनानुसार हा विषय केव्हाच संपायला हवा होता. तो संपला नाही याची कारणे अनेक आहेत : घर, मठ, सोयरीक, सीमाप्रश्न. पण पालकांशी बोलताना एक कारण वरचेवर ऐकू येते, आणि ते कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या पुस्तिकेत आहे. तिथल्या व्यावसायिक प्रवेशांत 'गडिनाडू कन्नडिग' म्हणजे सीमाभागातले कन्नडभाषक, अशी एक पात्रता आहे. तिच्यात दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत, गडहिंग्लज हे तालुके नावानिशी येतात. मातृभाषा कन्नड, तुळू किंवा कोडव हवी, पहिली ते बारावीपैकी किमान सात वर्षे याच भागातल्या संस्थेत शिकलेले असावे, आणि एक कन्नडची परीक्षा द्यावी. ही परीक्षा पन्नास गुणांची, चौथीच्या पातळीची. बारा गुण मिळाले की झाले.

बारा गुण! एवढ्या छोट्या खुंटीला एका तालुक्यातल्या भाषेचा दोर बांधलेला आहे. अट दुसऱ्या जातीची आहे, केवळ उत्तीर्णतेची, क्रमाशी तिचा संबंध नाही. तरी ती टाळता येत नाही म्हणून काम करते. इंग्लिश माध्यमात गेलेल्या मुलांचे पालकही सुट्टीत मुलाकडून कन्नड बाराखडी गिरवून घेतात, ते मी पाहिले आहे. विशेष म्हणजे सात वर्षे इथेच शिकण्याची अट असल्याने मूल कलबुर्गीला न जाता अक्कलकोटमध्येच राहते. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून व्हावी लागते, त्याचाही रेटा त्याच दिशेने. दोन राज्यांच्या दोन अटी, एकमेकींना न विचारता, एकाच मुलाला एकाच गावात धरून ठेवतात. पलीकडे आळंद किंवा इंडीत राहणाऱ्या त्याच्या मामेभावाला मात्र अभियांत्रिकीसाठी निम्मे वजन बारावीच्या गुणांचे असते. कोविडचे वर्ष सोडले तर कर्नाटकाची ती पद्धत टिकून आहे. मामेभाऊ बारावीच्या वर्गात बसतो. आमचा मुलगा शिकवणीत.

मराठीच्या बाजूने अशी एकही खुंटी कोणी ठोकलेली नाही. राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा जो मसुदा मे २०२४ मध्ये खुला झाला, त्यात अकरावी-बारावीला दोन भाषा, त्यांतली एक भारतीय, असे सुचवले होते. चांगले आहे. पण ही पहिल्या जातीची अट आहे, विषय घेतलेला असावा इतपत. उद्या तीही लागू होईल, वेळापत्रकावर तास येईल, आणि तो तास नीटच्या चाचणीला दिला जाईल.

मला सुचते ते अगदी लहान आहे. राज्याच्या कोट्यातल्या वैद्यकीय जागांसाठी एक भाषा-चाचणी ठेवावी. क्रमात न मोजणारी, पण उत्तीर्ण झाल्याशिवाय प्रवेश न देणारी. रुग्णाचे म्हणणे ऐकून ते लिहून काढणे, आणि उपचार त्याला समजतील अशा शब्दांत सांगणे, एवढाच मजकूर. नीटची प्रश्नपत्रिका २०१७ पासून मराठी आणि कन्नडमध्ये मिळते, पुढच्या वर्षी उर्दूतही आली. पण ज्या भाषेत ती मिळते त्या भाषेत वर्गात भौतिकशास्त्र शिकवले जात नाही, म्हणून ती सोय कागदावर राहते. चाचणी उलट्या टोकाकडून येईल. तिच्या भाषेबद्दल वाद होईल, हे मला दिसते. माझे म्हणणे असे की मराठी सर्वांना, आणि सीमेवरच्या तालुक्यांतल्या उमेदवारांना तिच्या जोडीने कन्नड किंवा उर्दूचा ऐच्छिक भाग, ज्याला थोडे अधिभार गुण असावेत. अधिभाराने पीकशास्त्र जगले, चित्रकला जगली. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना साहित्य शोधायला लांब जावे लागणार नाही. अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सोमवारी सकाळी तासभर बसावे. एक बाई 'पोटात कळ येते' म्हणते, दुसरी 'होट्टे नोवु', तिसरी 'पेट में मरोडा'. आणि केसपेपरवर तिघींपुढे इंग्रजीत एकच शब्द लिहिला जातो. कळ, नोवु आणि मरोडा यांतला फरक लिहून काढा, गुण पाच.